शिपायास रजा कोण देणार?

राष्ट्राच्या संरक्षणाचा प्रश्न निघाला म्हणजे आपल्या लोकांची दृष्टी सहजच सरहद्दीकडे अथवा दिल्लीकडे वळते. अमरावतीच्या इतवाऱ्यातील दुकानाचा, अकोल्याच्या टिळक मार्गावरील पेढीचा किंवा एखाद्या खेडेगावच्या शाळेचा या प्रश्नाशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. तथापि फौजेचा एक भाग असा आहे, की ज्याची तयारी छावणीत जितकी होते, तितकीच ती अशा दुकानांत, पेढ्यांत व शाळांत होते किंवा बिघडते. तो भाग म्हणजे प्रादेशिक सेना. तीतील शिपाई शांततेच्या काळी वर्षाचे दहा-अकरा महिने कारकून, शिक्षक, मिस्त्री, शेतकरी वा दुकानदार असतो. आणि त्यास शिपाई होऊ द्यावयाचे की नाही, हे पुष्कळ वेळा सेनापतीपेक्षा त्याचा धनीच ठरवीत असतो. या धन्यांशी आज आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत.

प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ साली झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या सेनेचे उद्घाटन केले. तिची मूळ कल्पना साधी आहे. देशाला लढाईच्या काळी जेवढे शिपाई लागतात, तेवढे शांततेच्या काळी पगारावर पोसणे कोणत्याही तिजोरीस परवडत नाही. म्हणून आपापल्या धंद्यात असलेल्या नागरिकांनी दरवर्षी काही दिवस कवायत व शस्त्रविद्या शिकावी आणि बोलावणे येताच खड्या फौजेच्या पाठीशी उभे राहावे. वयाच्या १८ पासून ४२ वर्षांपर्यंत या सेनेत दाखल होता येते. उमेदवार स्वतःच्या नोकरीधंद्यावर निर्वाह करणारा असला पाहिजे, अशी तिची अट आहे. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही वेळी या सेनेने आपला वाटा उचलला आहे. विदर्भातील लोकांस ती अपरिचित नसावी. कारण नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्यात तिच्या पलटणीचे ठाणे आहे.

या शिक्षणाचा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांस चटकन समजेल. नागरी तुकडीच्या शिपायास साधारणतः वर्षाकाठी ३० दिवसांचे शिक्षण मिळते. त्यांपैकी निदान १४ दिवस तळावर राहून काढावयाचे असतात. बाकीचे शनिवारी, रविवारी वा सुटीच्या दिवशी पुरे करता येतात आणि चार तासांची कवायत एक दिवस म्हणून धरली जाते. प्रांतिक, म्हणजे मुख्यतः ग्रामीण भागातील तुकड्यांस सलग दोन महिने द्यावे लागतात. खड्या फौजेतील शिपाई जे बारा महिने गिरवतो, ते या शिपायास एवढ्या अवधीत गिरवावयाचे असते. बंदूक उघडणे, साफ करणे, नेम धरणे, नकाशा वाचणे, रात्रीचा पहारा, जखमीस बांधणे व उचलणे, बिनतारी यंत्रावर नेमके बोलणे या गोष्टी बुद्धीला कळल्या म्हणून हाताला येत नाहीत, आणि हाताला आल्या तरी सराव सुटला की हात त्या विसरतो. तीस दिवसांतून आठ दिवस बुडाले, तर वर्षाच्या शिक्षणाचा चौथ्याहून अधिक हिस्सा बुडाला. आणि हे दिवस बहुधा शिपायाच्या आळसाने बुडत नाहीत. 'सध्या हंगाम आहे, पुढच्या वर्षी जा' या धन्याच्या एका वाक्याने बुडतात.

हा प्रश्न आज काढण्यास तसेच कारण आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे निरपराध प्रवाशांची हत्या झाली. त्यानंतर ६ मे २०२५ च्या आदेशान्वये केंद्र सरकारने प्रादेशिक सेनेतील प्रत्येक अधिकाऱ्यास व शिपायास कामावर बोलावण्याचा अधिकार सेनाप्रमुखांस दिला. या सेनेच्या ३२ पायदळ पलटणींपैकी १४ पलटणी देशाच्या निरनिराळ्या लष्करी विभागांत उभ्या करण्यास त्याच आदेशाने मान्यता दिली असून त्याची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. म्हणजे हा प्रश्न आता केवळ वार्षिक कवायतीचा राहिलेला नाही. ज्यास आपण रविवारी मैदानावर धावताना पाहतो, त्याच्या हाती उद्या बोलावणे पडू शकते. आणि तो गेल्यावर त्याची नोकरी, त्याचे कर्ज व त्याची मुलेबाळे यांची काळजी कोणी वाहावयाची, हे आजच ठरवून ठेवले पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय इतर कोणत्याही कामात चालली, तरी या कामात चालणार नाही. युक्रेनने आपला प्रादेशिक संरक्षणाचा नवा कायदा १ जानेवारी २०२२ रोजी अमलात आणला आणि २४ फेब्रुवारीस शत्रू हद्दीत शिरला. तयारीस जेमतेम आठ आठवडे मिळाले.

फौजेचा खर्च म्हणजे काय, हे वऱ्हाडास कोणी शिकवावयास नको. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, ते 'हैदराबाद कंटिन्जंट' नावाच्या फौजेचा पगार भागविण्यासाठी. एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, त्या फौजेची छावणी होती. पुढे १९०२ मध्ये सालिना २५ लक्ष रुपयांच्या खंडावर हा प्रांत कायमचा इंग्रजांकडे गेला आणि लगेच ती फौजही त्यांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. अर्धशतक आमच्या काळ्या जमिनीचा सारा एका पलटणीचे पोट भरीत होता. परंतु ती पलटण कोणासाठी, कोणाविरुद्ध आणि कोणाच्या हुकमाने लढेल, हे विचारण्याचा अधिकार येथील एकाही रयतेस नव्हता. आज खर्च आपला आहे, फौज आपली आहे आणि हुकूम आपण निवडून दिलेल्या सरकारचा आहे. ज्यांच्याकडून परक्यांनी न विचारता एवढे घेतले, त्यांनी स्वराज्यात आपखुशीने तीस दिवसांची रजा देताना कचरावे, हे आम्हांस शोभणारे वाटत नाही.

कवायतीचे मोल सांगणारा एक धडाही याच मातीत पडून आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावास भोसल्यांच्या फौजेशी वेलस्लीची लढाई झाली. दोनच महिन्यांपूर्वी असईच्या रणात टिकाव धरलेल्या त्याच्या तीन पलटणी येथे तोफांचा मारा सुरू होताच मागे फिरल्या. वेलस्ली जवळच होता. त्याने त्यांस थोपवून पुन्हा रांगेत उभे केले, आणि दिवस त्याच्या बाजूने गेला. पुढे सोळा दिवसांत, १५ डिसेंबरला, गाविलगडही पडला. आपल्याकडे या पराभवाची कारणमीमांसा करताना फितुरी आणि नशीब यांवर पुष्कळ भर दिला जातो. आम्हांस त्यातून वेगळीच गोष्ट दिसते. भीती सर्वांसच वाटते, कसलेल्या शिपायासही वाटते. परंतु मागे फिरलेला मनुष्य पुन्हा रांगेत येतो, तो कवायतीच्या सवयीने. शौर्य जन्मतः येत असेल. ही सवय मात्र दिवस खर्च केल्यावाचून येत नाही.

परक्या सरकारने या बाबतीत आपला जो अपमान केला, तोही विसरण्याजोगा नाही. १९२० साली त्याने दोन कायदे केले. साहाय्यक दल गोऱ्यांसाठी व अँग्लो-इंडियनांसाठी, आणि प्रादेशिक दल हिंदी लोकांसाठी. ज्या देशाचे रक्षण करावयाचे, त्याच देशाच्या लोकांस वेगळ्या व खालच्या पंक्तीस बसविण्याचा तो प्रकार होता. त्याविरुद्ध आमच्या पुढाऱ्यांनी कायदेमंडळातून तक्रार केली, १९२४ मध्ये चौकशीसाठी शी समिती बसली. पण भेद गेला तो स्वराज्यासोबतच. आता पंक्ती एकच आहे. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने स्त्रियांसही या सेनेचे दार मोकळे केले. जे मिळविण्यासाठी मागील पिढ्या भांडल्या, त्याचा लाभ घेण्याची वेळ आली असता आपण दुकानाच्या गल्ल्याकडे पाहून 'जमणार नाही' म्हणावे काय?

येथे कायदा काय म्हणतो तेही सांगणे अवश्य आहे, कारण तो पुष्कळ धन्यांस ठाऊक नाही आणि त्याहून पुष्कळ नोकरांस ठाऊक नाही. १९४८ च्या कायद्यातील कलम ७-अ अन्वये, प्रादेशिक सेनेत सेवेसाठी बोलावल्या गेलेल्या नोकरास लागेल ती रजा देणे व तो परतल्यावर त्यास पूर्वीहून कमी लाभाच्या नव्हे अशा अटींवर पुन्हा कामावर घेणे, हे धन्याचे कर्तव्य आहे. वाद उपस्थित झाल्यास त्याचा निकाल नेमलेल्या अधिकाऱ्याकडून करून घेता येतो. म्हणजे रजा ही धन्याची मेहेरबानी नसून नोकराचा हक्क आहे. तथापि कायद्याचा हात जेथवर पोहोचतो, त्याच्या पलीकडेही बाजार आहे. ज्या कापडदुकानात दोनच माणसे आहेत, ज्या जिनात हंगामापुरती माणसे लावली जातात, जेथे नेमणुकीचा कागदच नाही, तेथे कलम ७-अ चा उच्चार करणाऱ्यास 'उद्यापासून येऊ नकोस' हे उत्तर तयार असते. आणि जो स्वतःच आपला धनी आहे, त्या शिंप्यास, मिस्त्र्यास वा किराणा दुकानदारास तर कोणताही कायदा त्याचे तुटलेले गिऱ्हाईक परत आणून देऊ शकत नाही. जेथे कायदा थकतो, तेथे रूढी लागते. आणि ती रूढी पाडणे हे बाजारातील वजनदार लोकांचे काम आहे.

यावर आमचे व्यापारी बंधू म्हणतील, 'आम्ही कर भरतो. त्यातूनच फौज चालते. पुन्हा आमच्याच दुकानातील माणूस का न्यावा?' हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. लहान दुकानातून एक माणूस दोन महिने गेला, तर मालकाची काय तारांबळ उडते, ते आम्हांस ठाऊक आहे. परंतु कापसाच्या व्यापाऱ्यांस आम्ही एकच विचारतो. जिनिंगच्या आवारात पाण्याचे हौद व वाळूच्या बादल्या भरून ठेवावयास खर्च येतो की नाही? विम्याचा हप्ता भरावा लागतो की नाही? वर्षानुवर्षे आग न लागली, तरी कोणी शहाणा मालक हौद कोरडे ठेवीत नाही. शिक्षणाची रजा हा त्याच जातीचा खर्च आहे. फरक एवढाच, की हा हौद एकट्याच्या आवारात नसून सर्वांच्या मध्ये आहे, आणि म्हणून तो भरण्याचे काम प्रत्येक जण दुसऱ्यावर ढकलतो.

हा भार वाटून घेण्याचे मार्ग इतर देशांनी शोधले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये नागरिकच शिपाई आहे. तेथे तरुणास आरंभी १८ आठवड्यांचे शिक्षण आणि पुढे ठरावीक वर्षे साधारण तीन आठवड्यांची उजळणी करावी लागते. त्या काळातील त्याच्या कमाईची ८० टक्के भरपाई एका सार्वजनिक निधीतून होते. ही पद्धत १९४० साली सुरू झाली असून तिचा पैसा धनी व नोकर दोघांच्या वर्गणीतून उभा राहतो. त्यामुळे ज्याच्याकडे दहा शिपाई नोकर आहेत तो बुडत नाही आणि ज्याच्याकडे एकही नाही तो फुकट सुटत नाही. अमेरिकेने १९९४ साली कायदा करून शिपाई-नोकराची जागा व ज्येष्ठता राखून ठेवली. आपल्या सरकारने असा निधी उभारावा, अशी मागणी आम्ही करतो; परंतु तो होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही.

सरकारच्या बाजूनेही सुधारणा हवी आहे. वऱ्हाडचे अर्थकारण कापसावर चालते. मृगात पेरणी होते आणि दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होऊन ती संक्रांतीच्याही पुढे लांबते. या दिवसांत शेतकरी-शिपायास दोन महिने तळावर बोलावणे म्हणजे त्याचे वर्ष बुडविणे होय; आणि याच दिवसांत जिने व अडतदुकाने एकही माणूस सोडावयास राजी नसतात. वेचणी संपल्यानंतर पेरणीपर्यंतचा काळ त्या मानाने मोकळा असतो. अकोल्याच्या उन्हाळ्यात मैदानी कवायत कठीण, हे खरे. पण चिखलदऱ्यासारखे थंड हवेचे ठिकाण अमरावती जिल्ह्यात असता शारीरिक शिक्षणाचे तळ तेथे का नसावेत? दुसरे असे, की अमरावतीहून नागपूर सुमारे दीडशे आणि अकोल्याहून सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. चार तासांच्या रविवारच्या कवायतीसाठी एवढी वाट कोण तुडवील? अमरावती व अकोला येथे निदान एकेक शिक्षणकेंद्र उघडल्यावाचून या भागातील तरुणांस नागरी तुकडीचा लाभ केवळ कागदावरच राहील.

दोन तळांच्या मधल्या महिन्यांत शरीर व शिस्त राखण्याची साधने मात्र वऱ्हाडात भरपूर आहेत. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. त्याच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. राष्ट्रीय छात्रसेनेचे विभागीय ठाणे अमरावतीस आहे आणि तिच्या तुकड्या दोन्ही जिल्ह्यांच्या शाळा-महाविद्यालयांत आहेत. छात्रसेनेतून बाहेर पडलेला तरुण पदवी घेऊन पेढीवर बसला, की त्याचे तीन वर्षांचे शिक्षण गंजू लागते. आखाडा, छात्रसेना आणि प्रादेशिक सेना ही तीन टोके जोडली, तर हा गंज टळेल. यासाठी नवीन संस्था नको. असलेल्या संस्थांनी एकमेकींचे दार ठोठावणे पुरे आहे.

आपल्या डोळ्यांसमोर रोज वावरणाऱ्या गृहरक्षक दलाची स्थितीही याच कारणाने विचार करण्याजोगी आहे. हे दल मुंबईस ६ डिसेंबर १९४६ रोजी जन्मास आले. निवडणूक असो, गणेशोत्सव असो, पूर असो, पोलिसांच्या बरोबरीने हे लोक उभे असतात. आणि भत्ता मिळतो तो ज्या दिवशी काम असेल त्या दिवसाचा. त्यांचा दैनिक भत्ता पोलिस शिपायाच्या किमान वेतनाच्या मानाने असावा, असा निर्देश २०१५ साली सर्वोच्च न्यायालयास द्यावा लागला. ज्याची चूल धन्याच्या मर्जीवर पेटते, त्याच्याकडून आपण निश्चिंत मनाने पहाऱ्याची अपेक्षा करतो, ही गोष्ट न्यायाची नव्हे.

तरुणांसही आम्हांस स्पष्ट सांगितले पाहिजे, की प्रादेशिक सेना ही बेकारीवरचा तोडगा नव्हे. भरतीच्या मेळाव्यास झुंबड उडते, ती बहुतांशी कायमच्या नोकरीच्या आशेने. या सेनेत पलटण उभी असेल तोवर वेतन आहे. ती मोकळी झाली म्हणजे शिपायाने आपल्या धंद्यास परत जावयाचे असते. ज्यास परत जावयास धंदाच नाही, तो निराश होतो आणि त्याच्या निराशेने सेनेचेही नुकसान होते. नामांकित क्रीडापटूंस या सेनेतील सन्माननीय पदे मिळाल्याचे आपण वाचतो व आनंदितही होतो. परंतु सेना तयार असते ती नामवंतांच्या गणवेशाने नव्हे, तर ज्याचे नाव वर्तमानपत्रात कधीच येणार नाही अशा मिस्त्र्याने आपला तिसावा दिवस न चुकविल्याने. त्याच्या मागे दोन महिने दुकान, शेत व म्हातारी माणसे सांभाळणारी त्याची पत्नीही या तयारीची वाटेकरी आहे. तिच्या नावे बँकेतील खाते असणे, उधारीच्या नोंदी तिला ठाऊक असणे, दुकान चालविण्याचा अधिकार तिला मोकळेपणी मिळणे, या गोष्टी स्त्रीसुधारणेच्या म्हणून आपण आजवर सांगत आलो. त्या देशसंरक्षणाच्याही आहेत, हे आता ध्यानात यावे.

मग करावयाचे काय? ज्या जिनिंग कारखान्यांत, नागरी बँकांत, शिक्षणसंस्थांत व मोठ्या दुकानांत दहांहून अधिक माणसे आहेत, त्यांनी प्रादेशिक सेनेच्या व गृहरक्षक दलाच्या शिक्षणासाठी रजेचा लेखी नियम करावा. त्या काळात ज्येष्ठता तुटू नये आणि सेनेचे वेतन नेहमीच्या पगाराहून कमी पडल्यास तूट भरून काढावी. लहान दुकानांसाठी व्यापारी मंडळांनी एक सामाईक निधी उभारावा व त्यातून बदली माणसाचा पगार द्यावा. हा निधी शेतकऱ्याच्या मालातून 'धर्मादा' कापून नव्हे, तर आपल्या नफ्यातून उभारावा, हे वेगळे सांगावयास नको. बोलावणे आलेल्याचा कर्जाचा हप्ता तो परतेपर्यंत पुढे ढकलण्याचा ठराव नागरी बँकांनी व पतसंस्थांनी आपल्या वार्षिक सभेत करावा.

हे होणार नाही, असे म्हणणाऱ्यांस आम्ही वऱ्हाडच्याच इतिहासाचे स्मरण देतो. आपल्या देशात व्यापारास नियमाने बांधलेला पहिला कापूसबाजार १८८६ साली कारंज्यास स्थापन झाला आणि १८९७ च्या वऱ्हाडातील कायद्याने बाजारावरील नियमनास पक्के रूप आले. वजन, दर व दलाली यांस शिस्त लागली तर धंदा बुडेल, अशी भीती तेव्हाही घातली गेली असेलच. पण धंदा बुडाला नाही, आणि इतर प्रांतांनी तोच कित्ता पुढे गिरविला. मालाच्या तोलास ज्या बाजाराने देशात प्रथम शिस्त लावली, त्याने शिपायाच्या रजेसही शिस्त लावून दाखवावी.

येत्या दिवाळीस आमचे व्यापारी बंधू नव्या वह्यांची पूजा करतील. त्या वहीत जमा-नावेच्या खात्यांबरोबर एक पान या रजेचे घाला. आपल्याकडील कोण कोणत्या महिन्यात तळावर जावयाचा आहे, त्याच्या जागी कोण बसावयाचा आहे आणि तो परतेल तेव्हा त्याचे काम त्याच्यासाठी राखून ठेवले आहे, एवढे त्या पानावर लिहा. सरकारने आपले कर्तव्य करावे म्हणून आम्ही त्यास टोचीत राहूच. परंतु हे पान लिहावयास सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही.